भोगाची मुदत

काही व्याधी मनुष्याचा प्राण घेत नाहीत, त्याला जन्माचा पांगळाही करीत नाहीत. त्या त्याला काही महिने जागेवर बसवून ठेवतात आणि आपली मुदत भरली म्हणजे बहुधा आल्या वाटेने निघून जातात. प्रारब्ध आणि प्रयत्न यांचा जो वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याची खरी कसोटी मला या मुदतीच्या दुखण्यांतच लागलेली दिसते. मरणाच्या दुखण्यात वाद करायला सवड कोणाला असते? तेथे दैववादी मनुष्यही दवाखान्याकडे धावतो आणि प्रयत्नवादी मनुष्यही नवस बोलतो. परंतु ज्या दुखण्याविषयी खुद्द डॉक्टरच सांगतात की, औषध घेतले नाही तरी पुष्कळदा वर्षाच्या आत उतार पडतो, घेतले तर कदाचित तो लवकर पडेल, त्या दुखण्यात रोग्यापुढे एक निखळ धर्मप्रश्न उभा राहतो. जे काळाने आपोआप संपावयाचे आहे ते औषधाने आधी संपवणे ही प्रारब्धातून काढलेली पळवाट आहे, की तेही आपल्याला विहित असलेले कर्मच आहे?

पायाच्या व घोट्याच्या हाडांतील मज्जेला येणारी सूज ही अशीच एक व्याधी. टाचेचे हाड, घोट्याच्या सांध्यातले हाड, पावलाच्या कमानीतली लहान हाडे, यांच्या आत जी जाळीदार पोकळी असते तीत मज्जा वसते. दुखापतीने, अतिश्रमाने, संधिवाताने, जंतुसंसर्गाने, रक्तपुरवठा खुंटल्याने, आणि कित्येकदा तर काहीच कारण न सापडता, तेथे पाण्याचा अंश वाढतो, आतला दाब चढतो, आणि पाऊल टेकताच कळ मस्तकात जाते. साध्या एक्स-रेमध्ये पहिले कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. त्यामुळे हाड तर शाबूत आहे, मग हा उगीच कण्हतो, असा ठपका रोग्याला घरच्यांकडूनच सोसावा लागतो. एमआरआय काढला म्हणजे मात्र, चरबीची झळाळी दाबून घेतलेल्या चित्रात, हाडाचा तो भाग उजळून दिसतो आणि रोग्याची साक्ष खरी ठरते. १९५९ साली कर्टिस आणि किन्केड या डॉक्टरांनी गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत खुब्याच्या दुखण्याने लंगडू लागलेल्या तीन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा मज्जा पाहण्याचे साधनच नव्हते. एमआरआय आल्यावर १९८८ साली या अवस्थेला मज्जेची सूज हे नाव मिळाले. म्हणजे ज्या यातनेला आपण आज नावाने ओळखतो ती शतकानुशतके निनावी भोगली गेली, आणि निनावी यातनेला प्राक्तनाचे नाव देणे मनुष्याला नेहमीच सोपे गेले आहे.

नगर जिल्ह्यात, ज्याचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले आहे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही, कारण हा चालणाऱ्यांचा मुलूख आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीस जाते. शिर्डीच्या वाटेवर लांबलांबून पायी येणाऱ्यांच्या दिंड्या दिसतात. मढीला कानिफनाथाच्या आणि पाथर्डीजवळ मोहटादेवीच्या दर्शनाला माणसे गड चढतात. आणि पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडची ऊसतोड करणारी कुटुंबे दरसाल कोयता घेऊन कारखान्यांच्या फडांवर जातात, त्यांचे तर सारे वेतनच पायांवर उभे असते. अशा मनुष्याला ‘सहा आठवडे पाय जमिनीला लावू नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर आणि त्याच्या व्रतावर एकदमच हुकूम बजावणे होय.

आणि उपचाराचा पहिला भाग हाच हुकूम आहे. पायावरचा भार काढून घेणे, कुबड्या किंवा घोट्यापर्यंतचा आधाराचा बूट वापरणे, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव असल्यास ती भरून काढणे, ही पायाभूत चिकित्सा झाली. औषधे तिच्या मागून येतात. जॉन व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली रक्तवाहिन्या रुंदावणारे प्रोस्टासायक्लिन हे शरीरातलेच द्रव्य प्रकाशात आणले, व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक त्या क्षेत्रातील कार्यासाठी मिळाले, आणि त्या द्रव्याच्या धर्तीवर घडवलेले इलोप्रोस्ट हे औषध मज्जेच्या सुजेत साधारणपणे पाच दिवस, रोज काही तास, शिरेतून सोडतात. ते चालू असता डोके दुखते, चेहरा लाल होतो, मळमळते. दुसरा वर्ग बिस्फॉस्फोनेटांचा. क्षार साचू नयेत म्हणून कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या या रसायनांचा हाडांवरील गुण हर्बर्ट फ्लाइश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात ओळखला. आपल्या हाडात जुने मोडणे आणि नवे रचणे हे काम अहोरात्र चालू असते. बिस्फॉस्फोनेट हाडाच्या खनिजाला चिकटून मोडणाऱ्या पेशींना आवरते आणि हाडात वर्षानुवर्षे राहते. याच वर्गातल्या झोलेड्रोनिक आम्लाची ५ मिलिग्रॅमची एकच मात्रा सलाइनमधून निदान १५ मिनिटे घेऊन सोडतात. ती घेतल्यावर एकदोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. मूत्रपिंडाचे कार्य व रक्तातील कॅल्शियम आधी तपासावे लागते. आणि क्वचित, विशेषतः दात काढल्यानंतर, जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो. डेनोसुमॅब नावाचे त्वचेखाली टोचण्याचे एक औषध आहे, तेही मोडणाऱ्या पेशींनाच अडवते. मात्र ते चालू करून एकाएकी सोडले तर हाडांची झीज उसळून येते. ही सर्व औषधे मुळात ठिसूळ हाडांसाठी किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी मान्यता पावलेली आहेत. मज्जेच्या सुजेत डॉक्टर ती आपल्या विवेकावर आणि रोग्याच्या संमतीवर वापरतात. वेदना लवकर शमते असे अनेक लहान अभ्यासांतून आढळले आहे. मोठ्या तुलनात्मक चाचण्या थोड्या आहेत. एवढ्या मर्यादित आश्वासनावर रोग्याला निर्णय घ्यावा लागतो.

आता शास्त्रांकडे वळू. कर्मसिद्धांत औषधाच्या आड येतो असा जो समज सर्वत्र पसरलेला आहे, त्याला आपल्या ज्येष्ठ ग्रंथांचा आधार नाही, हे मला ठासून सांगावेसे वाटते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात हा वाद प्रत्यक्षच घेतलेला आहे: पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव, या देहात केलेले ते पौरुष, आणि दोहोंपैकी जे बलवान ते दुर्बलाला बाजूस सारते, आयुष्य जर सर्वांचे ठरलेलेच असते तर औषधाची, पथ्याची, संकटातून दूर पळण्याचीही कोणाला गरज पडली नसती, असा त्या अध्यायाचा युक्तिवाद आहे. बौद्ध परंपरेत तर याहून स्पष्ट भूमिका दिसते. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारले की मनुष्याला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माने होते असे म्हणणारे लोक आहेत, त्यांचे खरे मानावे काय. तेव्हा बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम वर्तन, आघात आणि कर्म अशी आठ कारणे मोजून दाखवली, आणि सर्व काही कर्मावर लोटणारे लोक प्रत्यक्ष अनुभवालाही डावलतात असे सांगितले. स्वतः मधुमेहाने पीडित असलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे एक संपूर्ण प्रकरणच घातले. त्या मथळ्यात दोन्ही पदे जोडीने ठेवली आहेत, ही गोष्ट पहिले पद तेवढे पाठ करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

परंतु सामान्य मनुष्य चरक वाचत नाही. नगर जिल्ह्यातला मनुष्य साईसच्चरित वाचतो, आणि त्यात पायाच्या यातनेची जी कथा आहे ती या प्रश्नाच्या गाभ्याला भिडते. गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, म्हणजे हेमाडपंतांनी, ती ओवीबद्ध केलेली आहे. डॉ. पिल्ले नावाचे साईबाबांचे एक भक्त, व्यवसायाने डॉक्टर, त्यांच्या पायाला नारू, म्हणजे कातडी फोडून बाहेर येणारे लांब कृमी, झाले, एक नव्हे, सात. वेदना अशी की मरण बरे वाटावे. त्यांनी बाबांना निरोप धाडला की हे माझे पूर्वकर्म आहे हे मला मान्य आहे, परंतु आता सहन होत नाही, तेव्हा हा भोग पुढच्या दहा जन्मांवर वाटून द्यावा. बाबांनी उलट सांगितले की दहा जन्म कशाला, दहा दिवसांत तो संपेल. आणि त्यांना पाठुंगळी मारून मशिदीत आणवले, टेकायला स्वतःचा तक्क्या दिला, भोग भोगूनच सरतो असे समजावले. इतक्यात दिव्यांची व्यवस्था पाहायला आलेल्या अब्दुल नावाच्या सेवकाचा पाय चुकून त्या दुखऱ्या पायावर पडला, किंकाळी उठली, आणि सातही नारू बाहेर पडले.

ही कथा सांगणारे बहुतेक लोक ‘भोग भोगूनच सरतो’ या उपदेशावर थांबतात. मला तिच्यातला हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. रोग्याने मुदतवाढ मागितली होती, आणि त्याला मुदतीत सूट मिळाली. ज्या सत्पुरुषाने कर्माचा नियम उच्चारला त्यानेच दहा जन्मांचे दहा दिवस केले. नियम मोडला नाही, पण यातनेचा कालावधी मात्र करुणेने आखडता घेतला. यातना जितकी लांबेल तितके पुण्य अधिक, असे त्या मशिदीत कोणी म्हटले नाही. पाच दिवसांचे इलोप्रोस्ट किंवा १५ मिनिटांचे झोलेड्रोनिक आम्ल देणारा डॉक्टर, साधला तर, हीच गोष्ट आपल्या लहान हातांनी करीत असतो: जो भोग सरणारच आहे त्याची मुदत तो कमी करतो. त्याला कर्माच्या नियमाचा द्रोही ठरवायचे असेल तर शिर्डीच्या त्या प्रसंगालाही तसेच ठरवावे लागेल. ज्यांना कथेतल्या चमत्कारावर विश्वास ठेवता येत नाही त्यांनाही तिच्यातला हा नैतिक कल नाकारता येणार नाही.

आणि त्या नारूचे पुढे काय झाले? नारूवर ना तेव्हा औषध होते ना आज आहे. त्याची बाधा पिण्याच्या पाण्यातून होते. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा बांधून काढणे, पाणी फडक्यातून गाळून घेणे, पाण्यात औषध टाकून जंतुवाहक सूक्ष्म पिसवा मारणे, गावोगाव रोगी शोधणे, असे ते साधे पण चिकाटीचे काम होते. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. ज्या यातनेला एका सुशिक्षित डॉक्टरने आपले पूर्वसंचित मानले होते ती साऱ्या देशाच्या वाट्याची एकाच पिढीत संपली. लाखो माणसांचे संचित एकाच वेळी कसे सरले, या प्रश्नाला कट्टर दैववाद्याकडे उत्तर नाही. चरकाकडे आहे, कारण बलवान पौरुषाला त्याने जागा ठेवलेली आहे.

तरीही सोसण्याचा उपदेश निरर्थक ठरत नाही, आणि येथे मला नेवाशाचे स्मरण होते. प्रवरेच्या काठी, जेथे पैसाचा खांब आजही उभा आहे, तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात गीतेला अनुसरून शीतोष्ण आणि सुखदुःख सोसण्याची शिकवण आहे. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी विश्वात्मक देवाकडे जे मागणे मागितले आहे त्यात प्राणिमात्रांनी सोसत राहावे असे कोठेही नाही, सर्वांनी सुखी व्हावे असे आहे. मला या दोन टोकांत विरोध दिसत नाही. तितिक्षा, म्हणजे हे सोसणे, हा प्रथमपुरुषी धर्म आहे: ‘मी सोसीन’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे दुखते त्यालाच आहे. ‘तू सोस’ असे दुसऱ्याला सांगितले की तीच तितिक्षा निष्ठुरता होते, कारण दुसऱ्याच्या दुःखाविषयी आपला धर्म उपाय हा एकच. आणि रोगी स्वतःसाठी उपाय करतो तेव्हा? त्याचा देह त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. त्याच्या पायांवर बायकामुले, म्हातारे आईबाप, बांधलेली जनावरे अवलंबून असतात. त्यांच्या वतीने तो औषध घेतो. शिवाय औषध घेऊनही सोसायचे ते उरतेच: भार न टाकता काढलेले आठवडे, रात्रीचा ठणका, दुसऱ्याच्या आधाराने उठणे. तितिक्षेला तेवढे क्षेत्र पुरेसे आहे.

यात एक सत्याचा प्रश्नही दडलेला आहे, आणि तो मला औषधाच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो. जी व्याधी आपोआप ओसरते तिच्यात कोणताही उपाय यशस्वी दिसतो. लेप लावला, अंगारा लावला, नवस बोलला, सुई टोचली. चार महिन्यांनी पाय टेकू लागला, आणि श्रेय जो शेवटी जवळ होता त्याला मिळाले. भोंदू मनुष्य याच फटीतून शिरतो, आणि प्रामाणिक डॉक्टरही याच फटीत स्वतःविषयी फसू शकतो. यावर मनुष्याने जो इलाज शोधला तो असा की, काही रोग्यांना औषध आणि काहींना नुसते पाणी द्यावे, कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही कळू देऊ नये, आणि शेवटी हिशेब मांडावा. फळाचा अभिमान मनातून काढण्याचे जे साधन गीता उपदेशिते त्याचा इतका काटेकोर व्यवहारी आचार मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे. मज्जेच्या सुजेवर अशा चाचण्या अधिक व्हायला हव्यात. तोवर जो डॉक्टर रोग्याला ‘माझ्या औषधाने नक्की बरे होईल’ असे न सांगता ‘लवकर बरे वाटण्याचा संभव आहे, आणि धोके हे हे आहेत’ असे सांगतो, तो माझ्या लेखी धार्मिक मनुष्य आहे.

वेदना म्हणजे पूर्वकर्माची वसुली, या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का मात्र वेदनाहीन पायाने दिला आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. अशा पायात मज्जेची सूज येते, पाऊल गरम होते, फुगते, आणि तरीही फारसे दुखत नाही. रोगी चालत राहतो आणि आतली हाडे चुरा होऊन पावलाची कमान कोसळते. शार्को या फ्रेंच वैद्याच्या नावाने हा विकार ओळखला जातो. कुष्ठरोगातही नसा मेल्यामुळे पायाची अशीच दुर्दशा होते. भोग हेच जर कर्मक्षयाचे साधन असते, तर ज्याला भोगच जाणवत नाही त्याचे काय सरले? त्याचे तर पाऊलच गेले. म्हणून वेदना ही मागची बाकी वसूल करायला आलेला कचेरीचा शिपाई नव्हे. ती रात्रीच्या गस्तीवरचा पहारेकरी आहे. ज्याने १९७० नंतरचे जामखेडचे काम पाहिले असेल त्याला हे निराळे सांगायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे उभारलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात, ज्यासाठी त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर आणि उपेक्षित घरांतल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले; आणि ज्या कुष्ठरोग्याला पापी म्हणून गावाबाहेर काढत असत त्याची सेवा गावातच होऊ लागली. पाप हा शब्द त्या रोगावरून उतरल्याखेरीज औषध त्या रोग्यापर्यंत पोहोचलेच नसते.

पहारेकरी म्हटले की वेदनाशामक गोळीचाही विवेक ठरतो. विश्रांतीच्या काळात यातना हलकी करण्यासाठी ती घेणे योग्य. परंतु गोळी गिळून किंवा सुई टोचून घेऊन सुजलेल्या हाडावर पुन्हा दिंडी चालणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधून दार उघडे टाकणे होय. वारी चुकली तर काय, हे ज्यांचे दुःख आहे त्यांना मी राहुरी तालुक्यातल्या ताहराबादेची आठवण देईन. तेथील कुलकर्णी वतन सांभाळणाऱ्या महिपतींनी अठराव्या शतकात संतांची चरित्रे ओवीबद्ध केली आणि घराघरांत पोहोचवली. संतचरित्रांच्या त्या परंपरेत पैठणच्या कूर्मदासाची कथा येते: हातपाय नसलेला तो भक्त सरपटत पंढरीकडे निघाला, लऊळ गावापाशी त्याची शक्ती संपली, आणि पांडुरंग स्वतः तेथे येऊन त्याला भेटला. ज्या संप्रदायाने ही कथा जपली तो संप्रदाय एका आषाढीला घरी बसलेल्या रोग्याला पातकी मानणार नाही.

ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना एवढीच विनंती आहे. त्याच्यासमोर पूर्वजन्माचा उल्लेख करू नये. एक्स-रे निर्दोष आला म्हणून त्याच्या कण्हण्यावर अविश्वास धरू नये. हाडांचे औषध सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी आणि दातांची दुरुस्ती करून घ्यावी, आणि पुढे मूल व्हावयाचे असलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि घरात मधुमेही असेल तर त्याचे दोन्ही पाय रोज हाताने चाचपून पाहावेत. एक पाऊल दुसऱ्याहून गरम आणि सुजलेले लागले, तर ते मुळीच दुखत नसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.